पाच तऱ्हेच्या मुलांसाठी पाच पाठटाचणे काढावीत का?

वाचकाचे पत्र:

मी बीड जिल्ह्यातील एका द्विशिक्षकी जिल्हा परिषद शाळेत तिसरी आणि चौथी एकत्र शिकवते. दोन्ही वर्ग मिळून २९ मुले आहेत. चौथीतील एक मुलगा तोंडी हिशेबात सर्वांच्या पुढे असतो, पण दुसरीचा साधा उतारा त्याला वाचता येत नाही. एका मुलीला चष्मा लावूनही फळ्यावरचे दिसत नाही. एका मुलाकडे बौद्धिक अक्षमतेचे प्रमाणपत्र आहे आणि तो बहुतेक वेळ चित्रे रंगवत बसतो. सहा मुले दिवाळीच्या सुमारास आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जातात आणि मार्चअखेरीस परततात. शिवाय एक मुलगी दिलेले काम दहा मिनिटांत संपवून ‘बाई, आता काय करू?’ असे विचारत समोर उभी राहते. प्रशिक्षणात सांगतात की प्रत्येक मुलाच्या गरजेनुसार अध्यापन करा. आमचे मुख्याध्यापक म्हणतात की चार मुलांपायी बाकीच्यांचे नुकसान करू नका. मी एकाच पाठाची पाच वेगवेगळी पाठटाचणे (शिकवण्याचे लेखी आराखडे) काढावीत का? आणि न वाचणाऱ्या मुलाला प्रश्नपत्रिका वाचून दाखवली, तर ती कॉपी ठरते का?

– एक शिक्षिका

उत्तर:

सप्रेम नमस्कार.

पाच पाठटाचणे काढू नका. दोन इयत्ता एकत्र सांभाळणाऱ्या शिक्षिकेला ते फार तर पंधरा दिवस जमेल. त्यानंतर टाचणवहीत पाच रकाने भरलेले राहतील आणि वर्गात पूर्वीप्रमाणेच एक पाठ एकाच पद्धतीने शिकवला जाईल. पाठ एकच ठेवा. त्या पाठातून मुलांना काय यायला हवे, हे एका वाक्यात लिहा आणि मग तुम्ही कळवलेल्या प्रत्येक मुलाबद्दल एकच प्रश्न विचारा: तेथपर्यंत पोहोचताना हे मूल नेमके कोठे अडते? वाचताना अडते, पाहताना अडते, लिहिताना अडते, मागचे ठाऊक नसल्यामुळे अडते, की आशयच त्याच्या आवाक्याबाहेर आहे? पहिल्या चार प्रकारांत पाठाचा हेतू बदलण्याचे कारण नसते, केवळ तेथवर नेणारी रीत बदलावी लागते. शेवटच्या प्रकारात हेतूच बदलावा लागतो आणि तो बदल लेखी, विचारपूर्वक व पालकांना सांगून करावा लागतो. या दोन गोष्टींची सरमिसळ झाली की एखाद्या मुलाकडून विनाकारण कमी अपेक्षा ठेवली जाते, तर दुसरे मूल त्या दिवशी जे शिकवलेलेच नव्हते त्यासाठी नापास ठरते. तुमच्या वर्गात हेतू बदलण्याची गरज, पत्रावरून तरी, फक्त एका मुलाच्या बाबतीत दिसते.

हे एका पाठावर पाहू. चौथीला शिवछत्रपतींचा इतिहास आहे. १६६५ चा पुरंदरचा तह, त्यात मोगलांना द्यावे लागलेले २३ किल्ले, १६६६ मध्ये आग्र्याला जाणे, तेथील कैद, सुटका आणि राजगडाला परत येणे, एवढा भाग तुम्ही घेत आहात असे धरू. बहुतेक टाचणांत ‘आग्र्याहून सुटका हा प्रसंग समजून घेणे’ असा हेतू लिहिलेला असतो. त्यावरून मुलाने काय करून दाखवायचे ते कळत नाही, म्हणून बदल कशात करायचा तेही कळत नाही. त्याऐवजी ‘तहापासून परत येण्यापर्यंतच्या घटना क्रमाने सांगणे आणि महाराजांना आग्र्याला का जावे लागले याचे कारण देणे’ असे लिहा. आता लक्षात येईल की या हेतूत ‘वाचून’ हा शब्द नाही आणि ‘लिहून’ हाही नाही. क्रम आणि कारण या दोनच गोष्टी मुलाकडून हव्या आहेत.

तयारी म्हणून जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूचे सहा-सात लांब पट्टे कापा आणि प्रत्येक पट्ट्यावर जाड मार्करने एक घटना लिहा, बाजूला एखादे साधे चित्र काढा. अक्षर दोन बोटे उंच असू द्या. पाठ प्रथम गोष्टीसारखा सांगा, नंतर एखाद्या मुलाला मोठ्याने वाचायला सांगा आणि मग पट्टे विस्कटून गटांना क्रमाने लावायला द्या. तिसरीची मुले तेवढ्या वेळात स्वयंअध्ययनाचे काम करतील. ही तयारी सर्व मुलांसाठी आहे. ज्यांना वाचता येते त्यांनाही क्रम लावताना ‘तह आधी की कैद आधी’ असा वाद घालावा लागतो, आणि क्रमामागचे कारण त्या वादातून बाहेर येते.

न वाचणारा मुलगा याच पट्ट्यांवर सर्वांबरोबर काम करील. पाठ त्याने ऐकला आहे, चित्र पाहून घटना ओळखता येते, क्रम लावता येतो आणि कारण तोंडी सांगता येते. इतिहासाच्या तासाला त्याच्यासाठी याहून अधिक काही करण्याची गरज नाही. जे करायचे ते वाचनाच्या तासाला, आणि ते स्वतंत्रपणे. त्याच्या वाचनाकडे नंतर वळतो, कारण तेथे बरेच बोलण्यासारखे आहे.

ज्या मुलीला कमी दिसते तिच्या बाबतीत पहिली सूचना अशी की फळ्यावरचे उतरवून घेण्याचे काम तिच्याकडून पूर्णपणे काढून घ्या. ते काम करताना तिची सारी शक्ती अक्षरे शोधण्यात खर्च होते आणि आशय बाजूला राहतो. फळ्यावर लिहिताना प्रत्येक शब्द मोठ्याने उच्चारा. ‘हे इकडे आले’ असे म्हणत खडूने खूण करण्याऐवजी ‘राजगडापासून वर, उत्तरेकडे आग्रा’ असे बोलून दाखवा. नकाशावर राजगड ते आग्रा हा मार्ग सुतळी चिकटवून दाखवला, तर तिला तो बोटाने कळेल, आणि उरलेल्या मुलांनाही नकाशावरचे अंतर सुतळीच्या लांबीवरून उमगेल. तिला कोठे बसवायचे हे मात्र स्वतः ठरवू नका. आपण सहजपणे पहिल्या ओळीत बसवतो, पण खिडकीतून येणाऱ्या उजेडाने फळा चकाकत असेल तर पहिल्या ओळीतूनही काही दिसत नाही. आठवडाभर तिला तीन-चार जागी बसवून पाहा आणि कोठून बरे दिसते ते तिलाच विचारा. समग्र शिक्षा या सरकारी योजनेअंतर्गत अल्पदृष्टी विद्यार्थ्यांना मोठ्या अक्षरांतील पाठ्यपुस्तके मिळतात. त्यांची मागणी तालुक्याच्या गटसाधन केंद्रामार्फत करावी लागते आणि ती जितकी लवकर नोंदवाल तितके बरे. पुस्तक येईपर्यंत पाठातील मुख्य परिच्छेद मोबाईलवर टंकून मोठ्या अक्षरांत छापून आणता येतात. हातानेच लिहायचे असेल तर काळा जाड पेन वापरा आणि दोन ओळींत मोकळी जागा सोडा.

बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाबद्दल मला थोडे परखड लिहायचे आहे. तो दिवसभर चित्रे रंगवतो हे तुम्ही स्वतःहून लिहिलेत, म्हणजे ते तुम्हालाही खटकते आहे. रंगकाम वाईट नाही; पण ते त्याला गप्प बसवण्यासाठी दिले जात असेल तर तो वर्गात असूनही शाळेत नाही, असे म्हणावे लागेल. आग्र्याच्या पाठात त्याच्यासाठी हेतू वेगळा लिहा: तीन घटनांची चित्रे ओळखणे, त्यांतील आधीची कोणती आणि नंतरची कोणती ते दाखवणे, आणि पाठाचे नाट्यीकरण करताना पेटारे उचलून नेण्याची भूमिका करणे. पेटारे पाचपर्यंत मोजून बाहेर न्यायचे असतील तर त्यात त्याचे गणितही येते. तो त्याच पाठात, त्याच गटात, सर्वांच्या हसण्या-बोलण्यात राहतो, मात्र त्याच्याकडून अपेक्षित गोष्ट त्याच्या आवाक्यातील आणि तरीही थोडी पुढची असते. अशा मुलासाठी वैयक्तिक शैक्षणिक आराखडा तयार करायचा असतो. गटसाधन केंद्रातील समावेशित शिक्षणाचे विशेष तज्ज्ञ किंवा विशेष शिक्षक तो तुमच्याबरोबर बसून करतील, पण तो केवळ फाईलला लावण्यासाठी होऊ देऊ नका. एका सत्रासाठी तीनच उद्दिष्टे असावीत आणि ती इतकी ठोस असावीत की ती साध्य झाली की नाही हे आईलाही सांगता यावे. उदाहरणार्थ, स्वतःचे नाव न पाहता लिहिणे, दहापर्यंत वस्तू मोजून देणे, दोन सूचना एका वेळी ऐकून पाळणे. तिन्ही साध्य झाली की पुढची तीन घ्या.

आता वाचू न शकणाऱ्या मुलाकडे येतो. पत्रात तुम्ही ‘डिस्लेक्सिया’ (वाचनातील अक्षमता) हा शब्द वापरलेला नाही, याबद्दल मी मनापासून आभारी आहे. अलीकडे हा शब्द फार स्वस्त झाला आहे. त्याला विशिष्ट अध्ययन अक्षमता, म्हणजे बुद्धी चांगली असूनही वाचन, लेखन किंवा गणितात येणारी अडचण, असू शकते, परंतु तसे ठरवण्याआधी दोन गोष्टी तपासल्याच पाहिजेत: डोळे आणि कान. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत येते. त्यांच्याकडे या मुलाचे नाव आधीच देऊन ठेवा आणि तपासणी घाईत उरकली गेली असे वाटल्यास तालुक्याच्या रुग्णालयात पाठवा. त्यानंतर त्याच्या वाचनाची नोंद घ्या, आणि ती ‘वाचता येत नाही’ अशी नको. दुसरीच्या पातळीचा पन्नास-साठ शब्दांचा उतारा त्याच्यापुढे ठेवा, त्याची एक प्रत स्वतःजवळ ठेवा आणि तो जे जसे वाचेल ते त्या प्रतीवर पेन्सिलने टिपत जा. मध्ये दुरुस्त करू नका.

असे केल्यावर मराठीतील वाचनाच्या अडचणी कोणकोणत्या असतात ते समोर दिसू लागते. इंग्रजी पुस्तकांवरून तयार झालेल्या प्रशिक्षण साहित्यात उलटसुलट दिसणाऱ्या इंग्रजी अक्षरांची उदाहरणे असतात. आपल्या मुलांची गडबड वेगळ्या ठिकाणी होते. भ आणि म, घ आणि ध, थ आणि य, प आणि ष ही एकसारखी वळणे, ‘ख’ आणि ‘रव’ यांतील गोंधळ, हे एक. दुसरे, पहिली वेलांटी लिहिताना अक्षराच्या आधी येते आणि उच्चारताना नंतर. ‘किल्ला’ वाचताना डोळ्याला आधी वेलांटी भेटते आणि जिभेला आधी क हवा असतो. तिसरे, र ची रूपे: ‘पर्वत’ मधला रफार लिहिला जातो व च्या डोक्यावर, उच्चारला जातो त्याच्या आधी, शिवाय ‘प्र’ वेगळा, ‘ट्र’ वेगळा आणि ‘ऱ्या’ आणखी वेगळा. तुमचा मुलगा सुटी अक्षरे बरोबर ओळखून मात्रा-वेलांटीवर अडत असेल, तर त्याला बाराखडीचे काम हवे. साधे शब्द वाचून जोडाक्षरावर थांबत असेल, तर काम तेथे आहे. सगळे बरोबर पण एकेक अक्षर लावत इतक्या सावकाश वाचत असेल की वाक्य संपेपर्यंत सुरुवात विसरतो, तर त्याला नवे शिकवायचे नसून तोच सोपा उतारा पुन्हा पुन्हा वाचायला लावून गती आणायची आहे. आणि फाडफाड वाचून काहीच सांगता येत नसेल, तर अडचण लिपीत नाही, भाषेत आहे. ‘वाचता येत नाही’ या एका शेऱ्याखाली ही सगळी मुले एकत्र येतात आणि सर्वांना तोच दहा ओळी शुद्धलेखनाचा उपाय मिळतो, जो यांपैकी कोणाच्याच उपयोगाचा नसतो.

येथेच एक सावधगिरीची सूचना. हा मुलगा ४३ ऐवजी ३४ लिहितो असे दिसले, तर ते लगेच अक्षमतेचे लक्षण मानू नका. मराठीत ‘त्रेचाळीस’ म्हणताना तीन आधी ऐकू येतो आणि लिहिताना चार आधी लिहावा लागतो. ‘एकोणतीस’ ऐकून तीसच्या घरात शिरणारी मुले तर प्रत्येक वर्गात असतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’च्या जोडीला ‘वीस एक’ असे वाचन दिले गेले ते याच अडचणीमुळे, आणि त्यावरून विधिमंडळापर्यंत वाद गेला, थट्टाही पुष्कळ झाली. थट्टा करणाऱ्यांपैकी किती जणांनी दुसरीच्या वर्गात संख्यांचे श्रुतलेखन घेतले असेल याची मला शंका आहे. तुमच्या मुलाला ‘चाळीस तीन’ असे म्हणून मग ‘त्रेचाळीस’ म्हणू द्या. त्यात काहीही कमीपणा नाही.

वाचनाची नोंद दोन-तीन आठवडे ठेवून, रोज वीस मिनिटे नेमके अडलेल्या ठिकाणी काम करूनही फरक पडला नाही, तर पुढचे पाऊल टाका. एनसीईआरटी या केंद्रीय शैक्षणिक संस्थेने २०२२ मध्ये ‘प्रशस्त’ नावाची तपासणी सूची आणि तिचे अॅप आणले आहे. त्याचा पहिला भाग वर्गशिक्षकाने भरायचा असतो आणि पुढील भागाचे काम विशेष शिक्षकाकडे जाते. त्यातून अक्षमता ठरत नाही, केवळ पुढे तपासणी हवी की नको हे कळते. विशिष्ट अध्ययन अक्षमतेचे प्रमाणपत्र वैद्यकीय मंडळ देते, आणि २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार तिसरीत किंवा आठव्या वर्षी, जे आधी येईल तेव्हा, शाळेने अशी चाळणी करणे अपेक्षित आहे. म्हणजे तुमचा चौथीतील मुलगा लवकर नाही, उशिराच आहे. तुमच्या भागातील मुलांना कोणत्या रुग्णालयात पाठवले जाते ते विशेष तज्ज्ञांना विचारून घ्या. तपासणीची तारीख मिळायला वेळ लागतो. तोपर्यंत रोजचे वीस मिनिटांचे काम थांबवू नका, कारण प्रमाणपत्रामुळे सवलती मिळतात, वाचन येत नाही.

प्रश्नपत्रिका वाचून दाखवणे कॉपी आहे का, हा तुमच्या पत्रातील सर्वांत नेमका प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर विषयावर अवलंबून आहे. इतिहासात, परिसर अभ्यासात आणि गणितातील शाब्दिक उदाहरणांत आपण तपासतो ते आशयाचे ज्ञान. तेथे प्रश्न वाचून दाखवल्याने त्याला उत्तर मिळत नाही, फक्त प्रश्न मिळतो. तेव्हा ती कॉपी नाही. मराठीच्या पेपरात उतारा वाचून प्रश्नांची उत्तरे द्यायची असतील आणि तुम्ही उतारा वाचून दाखवलात, तर त्याला गुण मिळतील पण वाचनाविषयी काहीच कळणार नाही. तेथे त्याला त्याच्या पातळीचा उतारा द्या आणि नोंदवहीत तसे स्पष्ट लिहा. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ ने मान्य केलेल्या २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे आणि त्याच कायद्याच्या कलम १७ मध्ये अभ्यासक्रम व परीक्षापद्धतीत योग्य ते बदल करण्याची जबाबदारी नमूद आहे; जादा वेळ, लेखनिक आणि दुसऱ्या-तिसऱ्या भाषेतून सूट यांचा तेथे उल्लेख आहे. पण चौथीच्या वर्गात तोंडी उत्तर घेण्यासाठी तुम्हाला या कायद्याचीही गरज नाही. आपल्या सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनात तिसरी-चौथीसाठी ६० गुण आकारिक (शिकवता शिकवता होणाऱ्या) आणि ४० संकलित (सत्राच्या शेवटी होणाऱ्या) मूल्यमापनाला आहेत, आणि आकारिकच्या साधनांत दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प ही सर्व साधने २०१० च्या शासन निर्णयापासून मान्य आहेत. आपण वर्षानुवर्षे लेखी चाचणीलाच चिकटून राहिलो, हा आपल्या सवयीचा भाग आहे, नियमाचा नव्हे.

ऊसतोडीला जाणारी सहा मुले या यादीत का आली, असा मला प्रश्न पडला. त्यांना अक्षमता नाही. त्यांच्या शिक्षणात पाच महिन्यांचे खिंडार आहे. या दोन गोष्टी एका गटात टाकल्या की दोघांचेही नुकसान होते. मार्चअखेरीस आलेल्या मुलाला कमी येते म्हणून त्याला ‘हळू शिकणारे’ ठरवून वर्गाच्या कोपऱ्यात बसवलेले मी पुष्कळदा पाहिले आहे, आणि तेच मूल कारखान्यावर खेपांचा हिशेब बापाला सांगत असते. गावात हंगामी वसतिगृह सुरू होत असेल तर आजी-आजोबांकडे राहण्यासाठी पालकांशी आताच, दसऱ्याच्या आधी, बोला. मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) घेऊन झाल्यावर, निघण्याच्या आदल्या दिवशी, त्या बोलण्याला अर्थ राहत नाही. जी मुले जाणारच आहेत त्यांच्याबरोबर शिक्षण हमी कार्ड द्या आणि त्यावर ‘चौथी’ एवढेच न लिहिता मूल काय वाचते, कोणती वजाबाकी करते, कोठे थांबले आहे ते लिहा, म्हणजे तिकडच्या शाळेतील शिक्षकाला पहिल्या दिवसापासून काही हाती लागेल. परत आल्यावर झालेला अभ्यासक्रम धावत पुन्हा शिकवू नका. वाचन आणि गणित यांसाठी रोज एक तास तिसरी-चौथीची इयत्ता बाजूला ठेवून पातळीनुसार गट करा. त्या तासाला चौथीतील एखादे मूल तिसरीच्या मुलांबरोबर बसेल आणि तिसरीतील एखादे वरच्या गटात जाईल. ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेने ही रीत देशभर रुजवली आहे आणि द्विशिक्षकी शाळेत ती उलट अधिक सोपी जाते, कारण तुमच्याकडे दोन इयत्ता आधीच एका खोलीत आहेत. उरलेल्या तासांना ही मुले आपल्या इयत्तेतच राहतील, हे मात्र कटाक्षाने पाहा.

मूल जेथे आहे तेथे शिक्षणाने जावे ही कल्पना कोणी बाहेरून आपल्यावर लादलेली नाही. शिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले आणि पुढे कोसबाडला काम करताना, गुरे राखायला जाणारी मुले शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच कुरणात नेली. तुमच्या मुख्याध्यापकांना समावेशन, म्हणजे सर्व तऱ्हेच्या मुलांना एकाच वर्गात शिकवणे, ही नवी सरकारी टूम वाटत असेल, तर कुरणशाळेचा हा दाखला त्यांना सांगण्यासारखा आहे.

त्यांच्या आक्षेपात तथ्य नाही असे मात्र मी म्हणणार नाही. तुमचा वेळ मर्यादित आहे आणि पट्टे कापण्यात, मोठी अक्षरे लिहिण्यात तो जातो. म्हणून सर्व तासांत हे करू नका. दिवसातील एकच तास निवडा, त्यात मनापासून करा, साहित्य पुढच्या वर्षासाठी जपून ठेवा आणि एका सत्रानंतर दुसरा तास घ्या. पण बाकीच्यांचे नुकसान होते, हे त्यांचे म्हणणे आग्र्याच्या पाठाला लावून पाहा: मोठ्याने उच्चारून लिहिलेला फळा, सुतळीचा नकाशा, विस्कटलेले पट्टे यांतून नुकसान नेमके कोणाचे झाले? नुकसान होते ते एकच मूल डोळ्यांसमोर ठेवून शिकवल्याने, आणि ते काल्पनिक मूल, न अडखळता वाचणारे, रोज शाळेत येणारे, मागचे सगळे लक्षात असणारे, तुमच्या २९ जणांत फार तर पाच-सहा जणांसारखे असेल.

प्रशिक्षणात तुम्हाला कोणी असेही सांगितले असेल की काही मुले पाहून शिकतात, काही ऐकून, काही कृतीतून, म्हणून प्रत्येकाची ‘शैली’ ओळखा आणि तसे शिकवा. त्यावर वेळ घालवू नका. २००८ मध्ये चार अमेरिकन मानसशास्त्रज्ञांनी या विषयावरील संशोधनाचा आढावा घेतला, तेव्हा शैलीनुसार शिकवल्याने अधिक शिकता येते याला पुरेसा पुरावा त्यांना आढळला नाही. एकच गोष्ट पाहून, ऐकून आणि करून घेणे सर्वच मुलांसाठी उपयोगाचे आहे. मुलांना तीन रांगांत वाटून बसवणे नव्हे.

दहा मिनिटांत काम संपवणारी मुलगी राहिली. तिला त्याच प्रकारची आणखी दहा उदाहरणे देऊ नका. लवकर काम केल्याची ती शिक्षाच आहे. आणि तिला कायमची मदतनीसही करू नका. कमी दिसणाऱ्या मुलीला लिहून देणे, न वाचणाऱ्याला वाचून दाखवणे, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलाला सांभाळणे, ही सर्व कामे हुशार मुलीकडे, आणि लक्षात घ्या, मुलीकडेच जातात. मग तिचे स्वतःचे शिकणे थांबते आणि मदत घेणाऱ्यांनाही तिच्या उपकाराची सवय लागते. मदतीची पाळी आठवड्याला बदला आणि त्या पाळीत मुलगेही असू द्या. न वाचणाऱ्या मुलाला तोंडी हिशेब शिकवण्याची पाळी अवश्य द्या. या मुलीला आग्र्याच्या पाठात वेगळा प्रश्न द्या: पहाऱ्यावरील शिपायाने दुसऱ्या दिवशी आपल्या अधिकाऱ्याला काय सांगितले असेल ते लिही, किंवा बारा किल्ले हाती उरलेले असताना महाराजांनी लढण्याऐवजी तह का केला असेल, याची दोन कारणे शोध. हे प्रश्न सर्वांसाठी फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा. त्यांकडे आपण होऊन वळणारे एखादे मूल अनपेक्षित असते.

न वाचणाऱ्या मुलाच्या पालकांशी बोलताना वह्या दाखवू नका, त्यांना त्या वह्यांची सवय झालेली असेल आणि ‘याच्या डोक्यातच शिरत नाही’ असे उत्तर तयार असेल. वाचनाची पेन्सिलने टिपलेली ती प्रत दाखवा, कोठे अडतो आणि कोठे अडत नाही ते सांगा, आणि मुलगा समोर असताना त्याच्या तोंडी हिशेबाचा उल्लेख आवर्जून करा. घरी मारून वाचायला बसवू नये, हेही सांगावे लागेल.

आता लगेच करण्याच्या गोष्टी: या आठवड्यात त्या मुलाच्या वाचनाची नोंद घ्या, शिक्षकांच्या पुढील शिक्षण परिषदेच्या आधी केंद्रप्रमुखांमार्फत विशेष तज्ज्ञांच्या शाळाभेटीची लेखी मागणी करा आणि तिची पोच घ्या, मोठ्या अक्षरांच्या पुस्तकांचे पत्र त्याच वेळी द्या. वाचनाची नोंद घेऊन झाली की मुलाचे नाव न लिहिता ती मला पाठवलीत, तर सुरुवात मात्रांपासून करावी की जोडाक्षरांपासून, हे मी तुम्हाला अधिक नेमकेपणाने कळवू शकेन.